अँथुरियम, अरेका, कॉफी: घरातली झाडं बियांपासून कशी वाढवायची

माझं माहेर दापोलीजवळचं. मे महिन्यात फणस फोडले की आई आठळ्या धुऊन लाल मातीत घोळवायची आणि पडवीच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची. पावसाळ्यात भाजी नसली की त्या कामाला यायच्या. माती लावायची ती ओल टिकावी म्हणून. उघड्यावर पडलेली आठळी काही दिवसांत सुरकुतते, आणि सुरकुतलेली आठळी ना चवीला लागते ना मातीत रुजते. आंब्याच्या कोयींचंही तसंच. मागच्या दारी टाकलेल्या ढिगातल्या कोया पहिल्या पावसात आपसूक रुजायच्या आणि आम्ही पोरं त्यांच्या पिपाण्या करायचो. त्याच कोया माळ्यावर वाळवून पुढच्या वर्षी लावल्या असत्या, तर एकही उगवली नसती.

पुण्यात फ्लॅटमध्ये आल्यावर मी घरातली झाडं बियांपासून वाढवायला लागले तेव्हा हे आठवायला मला दोन वर्षं लागली. मेथी, धणे, टोमॅटो यांचं बी वाळवून डब्यात ठेवता येतं, आणि आपल्या मनात बी म्हणजे तेच असतं. पण आपण दिवाणखान्यात ठेवतो ती बरीचशी झाडं सदाहरित जंगलातली. तिथे बारा महिने ऊब आणि ओल असते, म्हणून बियांना वाट पाहायची गरजच पडत नाही. फळ पडलं, बी मोकळं झालं, की लगेच रुजायचं. असं बी सुकलं की मरतं. शास्त्रात अशा बियांना ‘रिकॅल्सिट्रंट’ म्हणतात. फणस आणि आंबा त्यातलेच. कॉफीचं बी मेथी आणि फणस यांच्या मधलं: थोडं सुकलेलं चालतं, पण फार दिवस टिकत नाही.

म्हणून या लेखात मी ताज्या बियांबद्दल पुन्हापुन्हा बोलणार आहे. बाकीच्या चुका सावरता येतात, शिळं बी सावरता येत नाही.

आधी झाड निवडा

सगळी घरातली झाडं बियांपासून करण्यासारखी नसतात. मनीप्लांटचंच घ्या. ते मूळचं फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचं, आणि आपल्या घरांत त्याला फूल येतच नाही. फूल धरायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक हे झाड स्वतः पुरेसं तयार करू शकत नाही, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. फूल नाही म्हणजे बी नाही. तुम्ही पाहिलेला प्रत्येक मनीप्लांट कुठल्या ना कुठल्या तुकड्यापासून झालेला आहे. तेव्हा ‘मनीप्लांटच्या बिया’ असं लिहिलेलं पाकीट दिसलं तर पुढे सरका.

नेच्यांना, म्हणजे फर्नना, बी नसतंच, बीजाणू असतात. ती निराळी विद्या आहे, पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट गड्डे वेगळे करून इतके सहज वाढतात की बियांचा खटाटोप कशाला? आणि पांढऱ्या पट्ट्यांचा मॉन्स्टेरा (मोठ्या, फाटल्यासारख्या पानांची वेल) बियांपासून मिळेल या आशेवर तर कुणालाच पैसे देऊ नका. ते पट्टे एका झाडाच्या पेशींत झालेल्या बदलामुळे येतात, ते बियांतून भरवशाने पुढे जात नाहीत. ती झाडं फांदीच्या तुकड्यांपासून किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने करतात.

नवख्या माणसाला मी पाच नावं सांगते. कोलियस, अ‍ॅस्परॅगस फर्न, अरेका पाम, अँथुरियम आणि कॉफी. सोप्यापासून अवघडाकडे असा हा क्रम नाही, पण कोलियसपासून सुरुवात केली तर दहा-बारा दिवसांत काहीतरी हिरवं दिसतं आणि हुरूप टिकतो.

बी कुठून आणायचं

कोलियसचं बी पाकिटातलं चालतं. ते बारीक आणि सुकं टिकणारं असतं. पाकिटावरची तारीख मात्र पाहा.

बाकी चारांसाठी झाड शोधा, पाकीट नको. अरेका पाम आपल्या सोसायट्यांच्या फाटकाशी, बँकांच्या आवारात, मंगल कार्यालयांच्या कडेला सर्रास असतो. मोठ्या झुडपात खाली वाकून पाहिलं तर पानांच्या खालच्या बाजूला फळांचे घोस लोंबताना दिसतात. आधी हिरवी, मग पिवळी, नारिंगी, आणि पूर्ण पिकली की जांभळट काळी. पिवळी-नारिंगी झालेली किंवा त्याहून पिकलेली घ्या. माळीदादांना विचारून घ्या, ते आनंदाने देतात, त्यांना तो झाडून काढायचा कचराच असतो. नावावरून गोंधळ होऊ देऊ नका: ही आपली सुपारी नव्हे. सुपारीचा माड वेगळा, हा पाम मूळचा मादागास्करचा.

एक सावधगिरी. भेर्ली माडाचीही फळं अशीच घोसात लोंबतात आणि त्यांच्या गराने हाताला भयंकर खाज सुटते. माशाच्या शेपटीसारखं पान असेल तर त्याला हात लावू नका. आणि ओळख पटलेली असली तरी कुठल्याही पामचा गर काढताना हातमोजे घालावेत.

अ‍ॅस्परॅगस फर्न हा नेचा नाही, तो आपल्या शतावरीचा भाऊबंद. जुन्या कुंडीतल्या झाडाला लाल मण्यांसारखी फळं येतात आणि आत काळं, टणक बी असतं. फळं खाण्याजोगी नाहीत, घरात लहान मूल असेल तर लगेच काढून घ्या.

कॉफीची फळं महाराष्ट्रात मिळायची म्हणजे चिखलदऱ्याला. विदर्भातल्या वाचकांना ते जवळ. नाहीतर कोडगू, चिकमगळूरकडे कुणी हिवाळ्यात जाणार असेल तर सांगून ठेवा, अरबिका तिकडे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तोडतात. दुकानात मिळणारे कॉफीचे हिरवे दाणे उगवण्यासाठी धरू नका. ते साठवणुकीसाठी सुकवलेले आणि बहुतेक वेळा जुने असतात. मी पहिल्यांदा कोडगूहून वीस फळं आणली, बिया काढून वर्तमानपत्रावर खडखडीत वाळवल्या आणि ‘पाऊस सुरू झाला की लावू’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. जूनमध्ये लावल्या, सप्टेंबरपर्यंत वाट पाहिली. एकही नाही. दुसऱ्या वर्षी आल्या दिवशी लावल्या, आणि बारापैकी नऊ उगवल्या.

ऑनलाइन मागवायचंच असेल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: फळ कधी तोडलं आणि बी ओलं पाठवणार का? ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मी एकदा मॉन्स्टेराचं बी म्हणून मागवलं तर मोहरीएवढे काळे दाणे आले, आणि त्यातून माठासारखं तण उगवलं. मॉन्स्टेराचं खरं बी ताज्या सोललेल्या पावट्याएवढं, फिकट आणि मऊ असतं. ओल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, गुंडाळून आलं तरच ते जिवंत.

मॉन्स्टेराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७५ साली कोस्टा रिकाच्या जंगलात संशोधकांना दिसलं की मॉन्स्टेराच्या एका जातीची कोवळी रोपं उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरकतात. जंगलात सगळ्यात काळोखी जागा म्हणजे जाड झाडाचा बुंधा, आणि वेलीला चढायला तोच हवा असतो. बुंधा सापडला की मग ती उजेडाकडे वळते. एवढंसं रोप, डोळे नाहीत, आणि आधार कुठे आहे ते त्याला कळतं.

मिश्रण आणि डबा

महागडं काही लागत नाही. पारदर्शक झाकणाचा मिठाईचा डबा, नाहीतर श्रीखंडाचा डबा आणि वर पातळ प्लास्टिक. तळाला तापवलेल्या सुईने पाच-सहा भोकं पाडा. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत वापरतात ते प्रो-ट्रे कोलियससाठी छान, पण अरेका आणि कॉफीची मुळं खोल जातात, त्यांना ते उथळ पडतात. त्यांच्यासाठी अर्धा लिटरचे दह्याचे डबे घ्या.

मिश्रण म्हणजे कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) दोन भाग आणि परलाइट (हलके, पांढरे, फुगवलेले खडे) एक भाग. परलाइट नसेल तर धुतलेली जाड वाळू. बागेतली माती घालू नका, शेणखतही नको. बी उगवायला खत लागत नाही, त्याचा शिधा त्याच्या आतच असतो. खतामुळे बुरशीला मात्र मेजवानी मिळते.

कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी फेकून द्या आणि आणखी दोनदा धुवा. नारळाच्या सोडणात मीठ असतं, काही विटांत ते इतकं राहतं की कोवळ्या मुळांची टोकं करपतात. शेवटचं पाणी फिकट चहासारखं निघालं की पुरे. मग बादलीत पसरून वरून उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, रात्रभर निवू द्या. यात चिलटांची अंडी मरतात आणि पुढचा अर्धा त्रास वाचतो.

आता ओल किती? सगळ्यात जास्त रोपं इथेच जातात, म्हणून हाताने शिका. मूठभर मिश्रण घेऊन घट्ट आवळा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. मूठ उघडली की लाडू राहिला पाहिजे आणि बोटाने टोचलं की तो भुरभुरून फुटला पाहिजे. धार लागली तर पिळून काढा. लाडू वळलाच नाही तर थोडं पाणी शिंपडा. दोन-तीनदा केलं की हाताला कळायला लागतं, जसं भाकरीचं पीठ कळतं.

पेरणी, झाडागणिक

कोलियस. बी खसखशीहून थोडं मोठं. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून मातीखाली गाडायचं नाही. ओल्या मिश्रणावर भुरभुरवा, बोटाने हलकेच दाबा, झाकण लावा. एक ते दोन आठवड्यांत उगवतं. पहिली दोन पानं साधी हिरवी असतात, रंग पुढच्या जोडीपासून चढायला लागतो. एका पाकिटात दहा तऱ्हेचे रंग निघतात. सगळ्यात हळू वाढणारी रोपं उपटून टाकू नका, सुंदर रंगाची रोपं पुष्कळदा तीच निघतात.

अ‍ॅस्परॅगस फर्न. लाल गर काढा, काळं बी चोवीस तास कोमट पाण्यात भिजवा, अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. तीन ते पाच आठवड्यांनी हिरवी सुई वर येते. याचं फार काही करावं लागत नाही.

अरेका पाम. फळं दोन दिवस पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला. गर मऊ झाला की जाड वाळूत टाकून हातमोजे घालून चोळा. गराचा तंतू राहू देऊ नका, बुरशी तिथूनच धरते. स्वच्छ झालेलं बी पुन्हा एक दिवस पाण्यात ठेवा. मग दह्याच्या डब्यात आडवं ठेवून जेमतेम झाकलं जाईल एवढं मिश्रण वर घाला. उबेत दीड ते तीन महिने लागतात, थंडीत त्याहून जास्त. पहिलं पान सरळ भाल्यासारखं येतं आणि मग दोन भागांत उमलतं, पामसारखं मुळीच दिसत नाही. काहीतरी दुसरंच उगवलं असं वाटून उपटू नका. खरी पिसासारखी पानं पुष्कळ पुढे येतात.

नर्सरीतला अरेका भरगच्च का दिसतो, तर एका कुंडीत अनेक रोपं एकत्र लावलेली असतात. तुम्हीही आठ-दहा रोपं एका कुंडीत लावा. एकटं रोप वर्षानुवर्षं किडकिडीत राहतं आणि माणूस उगाच खट्टू होतो.

कॉफी. लाल फळ दाबलं की दोन बिया निघतात, सपाट बाजू एकमेकींना टेकवून बसलेल्या. वरचा बुळबुळीत थर जाईपर्यंत धुवा. नंतर चर्मपत्रासारखं एक कवच दिसतं. ते नखाने अलगद काढलं तर उगवण थोडी लवकर होते. आतलं बी दुखावणार असेल तर राहू द्या. सपाट बाजू खाली, एक सेंटीमीटर खोल. साधारण ४५ ते ६० दिवस.

कॉफी उगवताना पाहण्यासारखी असते. आधी देठ कमानीसारखा बाहेर येतो, मग सरळ होतो आणि बी डोक्यावर टोपीसारखं उचलून धरतो. टोपीखाली दोन पानं घड्या घालून बसलेली असतात. ही टोपी काढायला हात शिवशिवतो. काढू नका. मी एकदा काढली आणि तिच्याबरोबर दोन्ही पानं तुटली. टोपी फार कोरडी दिसली तर रोज सकाळी पाण्याचा एक थेंब तिच्यावर सोडा. आठ-दहा दिवसांत ती आपोआप गळते आणि आत दुमडलेली, चुण्या पडलेली दोन गोल पानं फुलपाखरासारखी उघडतात.

अँथुरियम: फुलापासून सुरुवात

याला वेगळा भाग दिला, कारण इथे बी मिळत नाही, आपल्याला ते धरवावं लागतं. मला सगळ्यात जास्त आनंद याच झाडाने दिला आहे.

लाल चकचकीत ‘फूल’ म्हणजे खरं तर एक पान. खरी फुलं मधल्या कणसावर शेकड्यांनी असतात, प्रत्येक मोहरीएवढी. त्यांची रीत अशी की आधी ती मादी असतात आणि नंतर नर होतात. मादी असताना कणसावर बारीक चकाकणारे थेंब दिसतात, सकाळी भिंग घेऊन पाहा. ते सुकतात आणि नंतर काही दिवसांनी पांढरी-पिवळी भुकटी दिसते, ती परागांची. दोन्ही वेळा एकाच कणसावर सहसा जुळत नाहीत, म्हणून दोन फुलं, शक्यतो दोन झाडं हवीत. शेजारणीकडे अँथुरियम असेल तर एक फूल उसनं मागा.

कोरडा मऊ ब्रश घ्या. पराग असलेल्या कणसावर फिरवा, मग थेंब असलेल्या कणसावर वरपासून खालपर्यंत फिरवा. तीन-चार दिवस रोज सकाळी असं करा. पराग आधी आले आणि थेंब नंतर येणार असतील तर पराग बटर पेपरच्या पुडीत बांधून, झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. काही दिवस ते टिकतात.

जमलं असेल तर कणीस वाळत नाही. ते हिरवं होतं, जाड होतं, दोन-तीन महिन्यांनी त्यावर पुरळ उठल्यासारखे फुगवटे येतात. मग फक्त थांबायचं. सहा-सात महिने लागतात, कधी त्याहून अधिक. शेवटी एके दिवशी पिवळी-नारिंगी मऊ फळं कणसातून बाहेर ढकलली जातात आणि बारीक धाग्यांना लोंबायला लागतात. लोंबलेलीच तोडा, घट्ट बसलेल्यांना वेळ द्या.

वाटीत पाणी घ्या, फळ चिमटीत दाबा. आत एक किंवा दोन बिया असतात, तांदळाच्या कणीएवढ्या, चिकट जेलीत बुडालेल्या. जेली पूर्ण धुवा, चहाच्या गाळणीत चोळून धुणं सोपं जातं. इथेही हातमोजे घाला, अँथुरियमच्या रसाने त्वचेची आग होते. त्याच दिवशी ओल्या मिश्रणावर किंवा चिरलेल्या स्फॅग्नम मॉसवर बिया मांडा. गाडायच्या नाहीत. झाकण लावा. आठवडा-दोन आठवड्यांत पांढरं मूळ दिसतं आणि महिन्याभरात पहिलं खरं पान, हृदयाच्या आकाराचं, उडदाच्या डाळीएवढं.

ऊब, उजेड, पाणी

या सगळ्यांना २४ ते ३० अंश हवेत. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात जवळजवळ वर्षभर हे असतंच. पुणे, नाशिक, संभाजीनगरला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अडचणीच्या. तेव्हा डबा खिडकीतून उचलून रात्री थर्माकोलच्या खोक्यात ठेवते, शेजारी गरम पाण्याची बाटली. नागपूर-अकोल्याकडे उलट: एप्रिल-मेमध्ये घराच्या सगळ्यात गार खोलीत, कूलरच्या झोतापासून दूर.

पेरायला सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, आणि मग जून-जुलै. पण हाती ताजं बी आलं असेल तर महिना पाहू नका. थंडीत पेरलेलं बी उशिरा उगवेल, वाट पाहायला लावलेलं बी उगवणारच नाही.

उजेड भरपूर, ऊन नाही. पूर्वेची खिडकी आणि तिला पातळ पडदा असला की झालं. बंद पारदर्शक डब्यावर मार्चचं ऊन थेट पडलं तर आतली रोपं अक्षरशः शिजतात. माझी चाळीस अँथुरियमं अशीच गेली. घरकामाच्या ताईंनी फरशी पुसताना डबा फक्त दोन फूट सरकवला होता, आणि दुपारी मी घरी नव्हते. आता डब्याला जागा नेमून देताना दुपारी दोनलाही ती पाहून घेते.

पाणी वरून ओतू नका. डबा तळहाताएवढ्या खोल पाण्याच्या ताटलीत नाही, नुसत्या बोटभर पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, तो खालून शोषून घेतो. झाकणाला आतून दव धरलेलं असेल तर पाणी द्यायची गरज नाही. इतकं दव की आतलं दिसतच नाही, म्हणजे ओल जास्त झाली. दिवसाआड दहा मिनिटं झाकण उघडून वारा खेळू द्या. पावसाचं धरलेलं पाणी उत्तम, नाहीतर फिल्टरचं.

डब्यावर झाडाचं नाव आणि पेरल्याची तारीख पेन्सिलने लिहा. पेनाची शाई ओलीने पुसते, आणि तीन महिन्यांनी अरेका कुठला आणि कॉफी कुठली हे कुणालाच आठवत नाही.

रोपं का जातात

उगवलेलं रोप संध्याकाळी टवटवीत, सकाळी मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक होऊन आडवं. हा मर रोग, बुरशीचा. पडलेलं रोप वाचत नाही, पण शेजारची वाचतात. पडलेली लगेच काढा, भोवतीचं चमचाभर मिश्रणही काढा, झाकण उघडा, दोन दिवस पाणी बंद. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पुडी मिळते, तिचं द्रावण पेरणीच्या आधी मिश्रणात घातलं तर ही वेळ कमी येते. दालचिनीची पूड वर भुरभुरवणं हा घरगुती उपाय मीही करते, पण वारा खेळता ठेवणं त्याहून कितीतरी महत्त्वाचं.

बियांवरच पांढरी कापसासारखी बुरशी आली तर घाबरू नका. बहुधा गर राहिलेला असतो. बी उचला, पाण्याखाली चोळून धुवा, नव्या मिश्रणावर ठेवा. बी जिवंत आहे का हे चिमटीत कळतं: घट्ट लागलं तर आहे, पिचकलं आणि वास आला तर गेलं. माझा अरेकाचा एक डबा पाच महिन्यांनी उगवला होता, म्हणून घट्ट बी कधी फेकू नका.

लहान काळी चिलटं उडायला लागली तर मिश्रण फार ओलं आहे. पिवळे चिकट कागद डब्याशेजारी लावा आणि वरचा थर सुकू द्या.

डब्यातून कुंडीत

कोलियसला दोन जोड्या पानं आली की हलवा. अरेकाचं पहिलं पान पूर्ण उघडलं की. कॉफीला गोल पानांनंतर टोकदार खरी पानं दोन जोड्या आली की. अँथुरियम मात्र चार-पाच महिने डब्यातच राहू द्या, ते गर्दीत खूश असतं.

पण त्याआधी झाकणाची सवय मोडायची. डब्यातली हवा कोकणातली असते, खोलीतली देशावरची. पहिल्या दिवशी तासभर झाकण तिरपं ठेवा, रोज थोडा वेळ वाढवा. दहा-बारा दिवसांनी पूर्ण काढा. घाईने काढलं तर एका दुपारीत पानांच्या कडा कुरकुरीत होतात.

रोप देठाला धरून उचलू नका, पानाला धरा. पान तुटलं तर दुसरं येतं. चमच्याच्या दांड्याने मुळाखालून मिश्रणासकट उचला. नवी कुंडी रोपापेक्षा थोडीच मोठी, चहाच्या कपाएवढी. कॉफी आणि अरेकासाठी कोकोपीट, गांडूळखत आणि जाड वाळू समसमान. अँथुरियमला हवेशीर लागतं: सोडणाचे बोराएवढे तुकडे, कोळशाचे तुकडे आणि थोडं कोकोपीट. सोडण आधी दोन दिवस पाण्यात भिजवून पिळून घ्या.

तीन आठवड्यांनी पहिलं खत. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पाकिटावर मोठ्या पिकांसाठी लिहिलेलं प्रमाण रोपांना जास्त होतं.

कोलियस दोन-तीन महिन्यांत दिवाणखान्यात ठेवण्याजोगं होतं. शेंडा खुडत राहा, म्हणजे डेरेदार होतं. अ‍ॅस्परॅगस फर्नला वर्ष लागतं. अरेकाची कुंडी दिसायला लागायला दोन वर्षं, आणि कॉफीला पहिली पांढरी सुवासिक फुलं तीन-चार वर्षांनी.

अँथुरियम बियांपासून फुलायला दोन ते तीन वर्षं घेतं, आणि बाजारातली बहुतेक झाडं संकरित असल्यामुळे पिल्लू आईसारखं होईलच असं नाही. माझ्या दुसऱ्या खेपेतली अकरा रोपं राहिली, त्यातली सहा गेल्या वर्षापासून फुलताहेत. दोन आईसारखी लाल. तीन फिकट गुलाबी. आणि एक हिरवट, कडेला तांबूस रेघ असलेलं, जे मी कुठल्याच नर्सरीत पाहिलेलं नाही. त्याच्या कणसावर परवा सकाळी थेंब दिसले. ब्रश फिरवून झाला आहे.